डोंगरमाथ्यावरील ऐतिहासिक वास्तूंचे मूल्यमापन आणि लोकसहभागातून जतन : माहूरगड (जि. नांदेड) व खरोसा (जि. लातूर) यांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

महाराष्ट्रातील गडकिल्ल्यांचा विचार करताना अभ्यासकांचे व सामान्य वाचकांचे लक्ष प्रामुख्याने सह्याद्रीच्या रांगेकडे जाते. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने १२ किल्ल्यांचा समावेश झाला. त्यांपैकी ११ किल्ले महाराष्ट्रातील व १ तमिळनाडूतील आहे. मराठवाड्यातील एकही नाही. या यादीचा विषय मराठा सत्तेची लष्करी व्यवस्था हा असल्याने त्यात गैर काही नाही. परंतु मराठवाड्याचा वारसा वेगळ्या निकषांवर तपासला गेला पाहिजे, ही गरज त्यातून स्पष्ट होते. यादव, बहामनी, इमादशाही, निजामशाही, मोगल व आसफजाही अशा अनेक सत्तांचे थर ज्या प्रदेशात एकावर एक साचले आहेत, तेथील वास्तूंचे मोल कोणत्याही एका राजवटीच्या मापाने ठरविता येत नाही.

नांदेड जिल्ह्यातील माहूरगड आणि लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात असलेली खरोसा येथील लेणी ही या प्रदेशातील डोंगरमाथ्यावरील वारशाची दोन भिन्न उदाहरणे होत. पहिला बांधीव दुर्ग आहे, तर दुसरे खोदीव शिल्प. पहिला काळ्या कातळावर उभा आहे, तर दुसरे जांभ्यात कोरलेले आहे. परंतु दोन्ही डोंगरांवर रेणुकेचे ठाणे असल्याने तेथे भाविकांची वर्दळ अखंड आहे आणि तरीही पुरातन वास्तूची काळजी वाहणारा समाज मात्र संघटित नाही. हा विरोधाभास प्रस्तुत निबंधाच्या केंद्रस्थानी आहे.

या विषयास आज तातडीचे स्वरूप प्राप्त झाले आहे. ६ मे २०२५ रोजी चौंडी (जि. अहिल्यानगर) येथे झालेल्या राज्य मंत्रिमंडळाच्या बैठकीत विविध तीर्थक्षेत्रांच्या व स्मारकांच्या विकास आराखड्यांना मान्यता देण्यात आली, त्यात माहूरगडासाठी ८२९ कोटी १३ लाख रुपयांचा आराखडा समाविष्ट होता. एवढा मोठा निधी एखाद्या डोंगरावर खर्च होणार असेल, तर त्या डोंगरावर काय आहे, त्याची स्थिती काय आहे आणि त्याचे राखणदार कोण, या प्रश्नांची उत्तरे बांधकामाच्या आधी मिळणे अगत्याचे आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) माहूरगड व खरोसा यांच्या ऐतिहासिक महत्त्वाची मांडणी करणे, (२) डोंगरमाथ्यावरील वास्तूंच्या मूल्यमापनासाठी उपयुक्त अशी चौकट सुचविणे, (३) मराठवाड्याच्या पूर्वानुभवाच्या आधारे लोकसहभागाच्या शक्यता व मर्यादा तपासणे. त्यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून मध्ययुगीन तवारिखा, पुरातत्त्वीय अहवाल, स्मारकविषयक कायदे व जतनविषयक सनदा यांच्या आधारे विवेचन केले आहे.

माहूरगड : ऐतिहासिक पार्श्वभूमी

माहूर हे नांदेडपासून सुमारे सव्वाशे किलोमीटर अंतरावर, मराठवाडा व विदर्भ यांच्या सीमेवर, पैनगंगेच्या परिसरातील वनाच्छादित डोंगररांगेत वसलेले आहे. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक म्हणून रेणुकादेवीचे स्थान, दत्तशिखर व अनसूयामाता शिखर यांमुळे ते महाराष्ट्राबाहेरही ज्ञात आहे. महानुभाव पंथीयांनाही हे क्षेत्र पूज्य आहे. गावाजवळची खोदीव लेणी ‘पांडवलेणी’ या नावाने ओळखली जातात व ती राष्ट्रकूट काळातील मानली जातात. रेणुकेच्या शिखरालगतच्या डोंगरावर रामगड नावाने परिचित असलेला किल्ला आहे. लोकपरंपरा या किल्ल्याचा संबंध देवगिरीच्या यादवांशी जोडते.

लिखित इतिहासात माहूरचे महत्त्व बहामनी काळापासून ठळक होते. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात वजीर महमूद गावान याने बहामनी राज्याच्या ४ तरफांची विभागणी करून त्यांच्या ८ तरफा केल्या. तेव्हा वऱ्हाडचे दोन भाग पाडण्यात आले. एकाचे केंद्र गाविलगड व दुसऱ्याचे माहूर. माहूर हे केवळ सीमेवरचे ठाणे नव्हते, तर एका प्रांताची राजधानी होते, हे या एका नोंदीवरून लक्षात येते. बहामनी सत्तेच्या उतरत्या काळात हबशी सरदार खुदावंदखान याने येथे आपला अंमल बसविला. पुढे इमादशाही व अहमदनगरची निजामशाही यांच्यात वऱ्हाडावरून संघर्ष झाला आणि १५७४ मध्ये इमादशाही निजामशाहीत विलीन झाली. १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेल्यावर माहूर हे वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार बनले. अबुल फजल याने ‘आईन-इ-अकबरी’मध्ये डोंगरावरील या मजबूत किल्ल्याची व त्याच्या शेजारच्या देवीच्या मंदिराची एकत्रित नोंद केली आहे. सोळाव्या शतकातील या दरबारी लेखकालाही किल्ला व देवस्थान वेगळे वाटले नाहीत, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

शाहजादा खुर्रम याने, म्हणजेच पुढील काळातील बादशहा शाहजहानने, जहांगिराविरुद्ध बंड केले तेव्हा १६२३ मध्ये दक्षिणेतून तेलंगणाकडे जाताना आपले हत्ती व जड सामान माहूरच्या किल्ल्यात उदाराम याच्या हवाली केले होते. याच उदाराम घराण्यातील रायबागन ही कर्तबगार स्त्री २ फेब्रुवारी १६६१ रोजी उंबरखिंडीच्या प्रसंगी मोगल सरदार कारतलबखानासोबत होती. शिवकालाच्या इतिहासात माहूरचे नाव येते ते असे प्रतिपक्षाच्या बाजूने. आणि बहुधा यामुळेच लोकप्रिय दुर्गसाहित्यात या गडाला जागा कमी मिळाली. ऐतिहासिक मूल्यमापनात मात्र एखादी वास्तू कोणत्या पक्षाकडे होती यापेक्षा ती कोणत्या घडामोडींची साक्षीदार आहे, हा निकष अधिक मोलाचा ठरतो.

अठराव्या शतकापासून १९४८ पर्यंत हा प्रदेश आसफजाही राजवटीत होता. हैदराबाद संस्थानात माहूरचा भाग आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवटचा परिसर नांदेड जिल्ह्यास जोडला गेला. पुढे १९९९ मध्ये माहूर हा स्वतंत्र तालुका झाला. वऱ्हाड सुभा, आदिलाबाद जिल्हा व नांदेड जिल्हा अशा स्थित्यंतरांमुळे या एकाच गडाशी संबंधित कागदपत्रे फारसी, उर्दू, मराठी व इंग्रजी अशा चार भाषांत आणि एकाहून अधिक राज्यांच्या दप्तरखान्यांत विखुरली गेली. मूल्यमापनाचे काम गडावर सुरू होण्यापूर्वी ते दप्तरखान्यात सुरू झाले पाहिजे, ते या कारणासाठी.

खरोसा : ऐतिहासिक पार्श्वभूमी

खरोसा हे गाव लातूरपासून सुमारे ४५ किलोमीटर अंतरावर आहे. गावाजवळील जांभ्याच्या टेकडीत १२ लेणी खोदलेली असून त्यांचा काळ सर्वसाधारणपणे इ. स. चे सहावे शतक मानला जातो. बुद्ध, नृसिंह, शिव-पार्वती, कार्तिकेय व रावण यांच्या मूर्ती येथे आढळतात. बौद्ध व ब्राह्मणी परंपरांचे हे सान्निध्य वेरूळच्या अभ्यासकास परिचित आहे. परंतु खरोसा येथे ते बालाघाटाच्या परिसरात, कातळाऐवजी जांभ्यात दिसते, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

जेम्स बर्जेस याने बिदर व औरंगाबाद जिल्ह्यांतील पुरावशेषांवरील आपल्या १८७८ च्या अहवालात या लेण्यांची नोंद केली. फर्ग्युसन व बर्जेस यांच्या १८८० मधील भारतीय लेण्यांवरील ग्रंथातही त्यांचा समावेश आहे. म्हणजेच सुमारे दीडशे वर्षांपूर्वीची स्थिती दर्शविणारी लिखित नोंद उपलब्ध आहे. आज ज्या शिल्पांचे चेहरे झिजलेले दिसतात, ते त्या काळी कितपत स्पष्ट होते, याची तुलना करण्यास हे साहित्य आधारभूत ठरू शकते. खरोसा हा भागही प्रशासकीय दृष्ट्या स्थिर राहिला नाही. १९८२ मध्ये तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्याचे विभाजन होऊन लातूर जिल्हा अस्तित्वात आला आणि औसा तालुका त्यात समाविष्ट झाला.

मूल्यमापनाची चौकट

स्मारकाचे मूल्य कशात असते, या प्रश्नाची पद्धतशीर मांडणी ऑस्ट्रियन कलाइतिहासकार आलोइस रीगल याने १९०३ मध्ये केली. वास्तूचे प्राचीनत्व, तिचे ऐतिहासिक मूल्य आणि तिचा वर्तमानातील उपयोग ही मूल्ये भिन्न असून ती परस्परांशी झगडू शकतात, असे त्याने दाखवून दिले. १९६४ च्या व्हेनिस सनदेने मूळ सामग्री व दस्तऐवजीकरण यांवर भर दिला. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियात संमत झालेल्या बुरा सनदेने ‘आधी महत्त्व समजून घ्या, मग धोरण ठरवा, त्यानंतर व्यवस्थापन करा’ असा क्रम रूढ केला आणि वास्तूशी नाते असलेल्या समाजास त्या प्रक्रियेत स्थान दिले. भारतात इन्टॅकने २००४ च्या सनदेद्वारे असंरक्षित वारसा, जिवंत परंपरा व पारंपरिक कारागीर यांचा विचार पुढे आणला.

भारतीय पुरातत्त्वीय परंपरेवर मात्र जॉन मार्शल याच्या १९२३ च्या जतनविषयक नियमपुस्तिकेचा प्रभाव दीर्घकाळ राहिला. मार्शलने वापरात असलेली ‘जिवंत’ स्मारके व वापराबाहेर गेलेली ‘मृत’ स्मारके असा भेद केला. माहूरच्या संदर्भात हा भेद तपासून पाहण्यासारखा आहे. त्यानुसार रेणुकादेवीचे मंदिर जिवंत व रामगड मृत ठरतो. व्यवहारातही तसेच घडले : मंदिराच्या व्यवस्थेस संस्थान आहे, उत्पन्न आहे, सेवेकरी आहेत, किल्ल्यास केवळ फलक व कायदा आहे. परंतु राखी पौर्णिमेच्या परिक्रमेस पायी निघणारा भाविक या डोंगराचे असे दोन तुकडे पाडत नाही. त्याच्या दृष्टीने शिखरे, तीर्थे, झाडी व तट हे सर्व मिळून माहूरगड आहे. जतनाचे धोरण या लोकदृष्टीच्या जवळ गेले, तरच लोकसहभागास अर्थ प्राप्त होईल.

यावरून डोंगरमाथ्यावरील वास्तूचे मूल्यमापन पाच अंगांनी करणे उचित ठरते.

१) ऐतिहासिक मूल्य : कोणत्या कालखंडांचे थर वास्तूत आहेत आणि त्यांचा लिखित पुरावा कोणता?

२) स्थापत्यमूल्य : तट, बुरूज, दरवाजे, महाल, तलाव यांची रचना, सामग्री व बांधणीतील टप्पे.

३) जलमूल्य व निसर्गमूल्य : माथ्यावरील पाणीसाठा, उतारावरील वन व पायथ्याची तीर्थे यांचा परस्परसंबंध.

४) श्रद्धामूल्य : यात्रा, परिक्रमा, दर्गे, मठ व त्यांच्याशी निगडित विधी.

५) स्मृतिमूल्य : गोंधळी, आराधी यांची गाणी, घराण्यांच्या आठवणी, स्थळनामे व दंतकथा.

यांपैकी पहिली दोन अंगे तज्ज्ञांच्या कक्षेतील आहेत. शेवटची दोन स्थानिक समाजाखेरीज अन्य कोणास सांगता येणार नाहीत. तिसऱ्या अंगासाठी दोघांची गरज आहे. लोकसहभाग हा म्हणूनच जतनाच्या अखेरीस जोडावयाचा उपचार नव्हे; मूल्यमापनाचा पहिला टप्पाच त्याच्याविना अपुरा राहतो. गोंधळी परंपरेत रेणुराई ही शाखा माहूरच्या रेणुकेशी आणि कदमराई ही तुळजापूरच्या भवानीशी नाते सांगते. माहूर-किनवट परिसरात गोंड, कोलाम, आंध, परधान व बंजारा समाज राहतात. या समाजांच्या स्मृतीतील गड दरबारी तवारिखांतील गडाहून निराळा असणार, आणि दोन्हींची नोंद होणे आवश्यक आहे.

वास्तूंची स्थिती व ऱ्हासाची कारणे

रामगडावरील हत्ती दरवाजा, चिनी महाल, महाकाली बुरूज व माथ्यावरील तलाव हे अवशेष गडाच्या लष्करी व निवासी अशा दोन्ही उपयोगांची कल्पना देतात. अशा बांधणीच्या ऱ्हासाची प्रक्रिया समजून घेतल्याशिवाय उपाय ठरविता येत नाहीत. दख्खनी किल्ल्यांचा तट बहुधा दोन घडीव दर्शनी भिंती व त्यांमधील दगडमातीचा भराव असा असतो. तटाच्या माथ्यावरील चुन्याचा थर फुटला की पावसाचे पाणी भरावात मुरते. भराव फुगतो व दर्शनी दगडांना बाहेर रेटतो. तटाला ‘पोट’ येते आणि एखाद्या पावसाळ्यात तो भाग ढासळतो. वड, पिंपळ व उंबर यांची मुळे याच फटींतून आत शिरतात. झाड वरून तोडले तरी मूळ जिवंत राहते आणि अधिक फांद्या फुटतात. ते घाईने उपटल्यास त्यासोबत दगडही निखळतात.

खरोसा येथील प्रश्न वेगळा आहे. जांभा खोदण्यास मऊ, परंतु सच्छिद्र असतो. टेकडीच्या माथ्यावर पडलेले पाणी त्यातून पाझरत लेण्यांच्या छतापर्यंत येते, शिल्पांचा पृष्ठभाग ओला व सुका होत राहतो आणि त्याचा भुगा होऊन गळतो. येथे शिल्पाची डागडुजी हा उपाय दुय्यम होय. माथ्यावरील पाण्याला लेण्यांपासून दूर वाट काढून देणे हा मुख्य उपाय ठरतो. थोडक्यात, दोन्ही ठिकाणी वास्तूचा शत्रू पाणी आहे, आणि पाण्याचे नियोजन हे पूर्वीच्या दुर्गशास्त्राचे पहिले सूत्र होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ला बांधण्यापूर्वी पाण्याची सोय पाहावी, गडावर केरकचरा साचू देऊ नये, भोवतालची झाडी राखावी, असा विचार आढळतो. आधुनिक परिभाषेत ज्यास नियमित देखभाल म्हणतात, ती ही होय.

मराठवाड्याच्या संदर्भात भूकंपाचा धोकाही विचारात घ्यावा लागतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे दहा हजार लोक मृत्युमुखी पडले. किल्लारी व खरोसा ही दोन्ही गावे औसा तालुक्यातील आहेत. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती त्या भूकंपात प्राणघातक ठरल्या, कारण भिंतीचे दोन पदर परस्परांशी बांधलेले नव्हते. दोन पदर व मधला भराव ही तटाची रचनाही त्याच जातीची आहे. म्हणून मराठवाड्यातील प्रत्येक दुर्गाच्या स्थितीदर्शक अहवालात भूकंपप्रवणतेचे स्वतंत्र प्रकरण असणे युक्त ठरेल.

कायदा व प्रशासन

हैदराबाद संस्थानात १९१४ मध्ये स्वतंत्र पुरातत्त्व खाते स्थापन झाले व गुलाम याजदानी यांनी त्याचे नेतृत्व केले. राज्यपुनर्रचनेनंतर मराठवाड्यातील वास्तूंची जबाबदारी केंद्र व राज्य अशा दोन यंत्रणांत विभागली गेली. १९५८ चा केंद्रीय कायदा व १९६० चा महाराष्ट्र प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष अधिनियम हे त्यांचे आधार आहेत. माहूर व खरोसा ही स्थळे राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या कक्षेत येतात. माहूर येथे संचालनालयाचे वस्तुसंग्रहालयही आहे.

केंद्रीय कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीने केंद्र संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित व त्यापुढील २०० मीटर नियंत्रित क्षेत्र निश्चित केले. ही कल्पना सपाट भूमीवरील वास्तूस उपयुक्त आहे. डोंगरी वास्तूस मात्र मीटरमधील आडवे अंतर पुरेसे संरक्षण देत नाही. उताराच्या पायथ्याशी रस्त्यासाठी केलेली कटाई किंवा खाण माथ्यावरील तटास धोका पोहोचवू शकते. डोंगरी वास्तूची संरक्षणसीमा पाणलोटाच्या रेषेने ठरविली जावी, असे येथे सुचवावेसे वाटते. माहूर येथे २०२३ मध्ये रेणुकादेवी मंदिरासाठी लिफ्ट व स्कायवॉकच्या कामाचे भूमिपूजन झाले. वृद्ध व अपंग भाविकांची सोय हा हेतू रास्तच आहे. प्रश्न एवढाच की, अशा प्रत्येक कामापूर्वी संपूर्ण डोंगराचा उतार, पाण्याचे प्रवाह व पुरातत्त्वीय थर यांचा एकत्रित नकाशा हाताशी असावा.

प्रशासकीय अडचण अशी की, एकाच डोंगरावर पुरातत्त्व, वन, महसूल, सार्वजनिक बांधकाम, नगरपंचायत व देवस्थाने यांचे अधिकार एकमेकांत गुंतलेले असतात. जानेवारी २०२५ मध्ये राज्य शासनाने ४७ केंद्र संरक्षित व ६२ राज्य संरक्षित किल्ल्यांवरील अतिक्रमणे हटविण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समित्या नेमण्याचा निर्णय घेतला. या समित्यांचे कार्य अतिक्रमणापुरते न ठेवता देखभालीपर्यंत वाढविल्यास समन्वयाची चौकट नव्याने उभारण्याची गरज उरणार नाही. याशिवाय २००७ पासूनची ‘महाराष्ट्र वैभव : राज्य संरक्षित स्मारक संगोपन योजना’ संस्थांना स्मारकाची देखभाल दत्तक घेण्याची संधी देते. महाविद्यालये या योजनेकडे अभ्यासाच्या अंगाने पाहू शकतात.

लोकसहभाग : मराठवाड्याचा पूर्वानुभव

लोकसहभाग ही मराठवाड्यास परकी कल्पना नाही. किल्लारी भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात गावांचे स्थलांतर हा एक भाग होता. हजाराहून अधिक गावांतील घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण हा दुसरा. या दुसऱ्या भागात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला ‘संवाद सहायक’ म्हणून काम करू लागल्या. शासनाचा अभियंता व घरमालक यांच्यात त्या दुवा बनल्या; तंत्र समजून घेऊन ते शेजाऱ्यांस समजावून सांगणे, कामावर लक्ष ठेवणे व तक्रार पोहोचविणे ही कामे त्यांनी केली. त्यानंतर २०००-०१ पासूनच्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानानेही श्रमदानाची परंपरा दृढ केली.

या अनुभवातून स्मारकजतनासाठी तीन बोध घेता येतात. पहिला, लोक तांत्रिक बाबी समजून घेऊ शकतात, मात्र त्या त्यांच्या भाषेत व प्रत्यक्ष भिंतीपाशी सांगितल्या गेल्या पाहिजेत. दुसरा, शासन व गाव यांच्यात नेमलेला, नाव असलेला दुवा लागतो. ‘ग्रामस्थांचे सहकार्य’ या मोघम शब्दाने काम होत नाही. तिसरा, स्त्रियांना या रचनेत स्थान दिल्यास काम टिकते. माहूर व खरोसा येथे रेणुकेच्या निमित्ताने येणाऱ्या भाविकांत स्त्रियांची संख्या मोठी असते. ‘स्मारक सहायक’ म्हणून स्थानिक महिलांना प्रशिक्षण देणे हा त्याचा स्वाभाविक पुढचा टप्पा ठरेल.

लोकसहभागाच्या मर्यादा

लोकसहभागाचा पुरस्कार करताना त्यातील धोक्यांकडे दुर्लक्ष करणे योग्य होणार नाही. उत्साहाच्या भरात केलेली साफसफाई पुरातत्त्वीय पुरावा नष्ट करू शकते. तलावातील गाळ किंवा महालातील माती हा केवळ कचरा नसतो. खापरे, नाणी, रंगीत फरशांचे तुकडे व जळक्या धान्याचे अवशेष त्या मातीत असू शकतात, आणि ते कोणत्या थरात सापडले याची नोंद नसेल तर त्यांचे ऐतिहासिक मोल जवळजवळ संपते. सिमेंटने केलेली डागडुजी चुन्याच्या बांधकामास मारक ठरते, कारण सिमेंट ओलावा अडवून ठेवते व शेजारचा मूळ दगड झिजू लागतो. मूर्तींना तैलरंग देणे, सुट्या मूर्ती हलवून नव्या चौथऱ्यावर बसविणे, देवळीत फरशा लावणे ही कृत्येही श्रद्धेपोटीच होतात. त्यांमागील भाव निर्मळ असला तरी झालेली हानी भरून येत नाही.

दुसरा धोका सामाजिक आहे. ज्या डोंगरावर देवीचे ठाणे, दत्ताचे शिखर, महानुभावांचे स्थान, सूफी परंपरेशी निगडित दर्गा व लेणी एकत्र नांदतात, तेथे ‘समाज’ हा शब्द एकवचनी राहत नाही. सर्वांत संघटित गटाचा आवाज हाच समाजाचा आवाज मानला गेला, तर मूल्यमापन एकांगी होते व स्मारकाच्या काही थरांची उपेक्षा होते. खरोसा येथे बौद्ध व ब्राह्मणी शिल्पे एकाच टेकडीत आहेत. त्यांपैकी कोणत्याही एका परंपरेपुरता जतनाचा विचार मर्यादित करणे इतिहासाशी सुसंगत होणार नाही.

म्हणून कामांची स्पष्ट विभागणी हवी. प्लास्टिक उचलणे, पायवाटा राखणे, माथ्यावरील गवत मुळासह न उपटता कापणे, तडे व फुगवटे यांची ठरावीक जागेवरून दर पावसाळ्याआधी व नंतर छायाचित्रे घेणे, मौखिक परंपरांची नोंद करणे आणि यात्रेत भाविकांना माहिती देणे ही कामे प्रशिक्षित स्वयंसेवकांकडे सोपविता येतात. गाळ काढणे, झाडांची मुळे मारणे, दगड पुन्हा बसविणे, चुन्याचे काम व उत्खनन ही कामे मात्र संचालनालयाच्या लेखी परवानगीने व तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच व्हावीत. या दुसऱ्या गटातही स्थानिकांना स्थान आहे. वडार, पाथरवट, बेलदार व गवंडी समाजांतील कारागिरांकडे दगडाचे पिढीजात ज्ञान आहे. चुना मळण्याची घाणी पुन्हा फिरू लागली, तर जतनाबरोबर रोजगारही उभा राहील.

सूचना

१) माहूरगडाच्या विकास आराखड्यातील प्रत्यक्ष बांधकामापूर्वी रामगड, लेणी, तीर्थे व उतार यांचे एकत्रित सर्वेक्षण करून महत्त्वनिवेदन व स्थितीदर्शक अहवाल मराठीत प्रसिद्ध करावा.

२) आराखड्याच्या निधीतील निश्चित हिस्सा किल्ल्याच्या वार्षिक देखभालीसाठी राखून ठेवावा. एकदा मोठी दुरुस्ती करण्यापेक्षा दरवर्षी लहान देखभाल करणे तटास अधिक हितकारक ठरते.

३) देवस्थाने, नगरपंचायत, वन व पुरातत्त्व यंत्रणा, कारागीर व परिसरातील आदिवासी समाज यांच्या प्रतिनिधींची स्मारक समिती स्थापन करावी व तिची इतिवृत्ते लोकांस पाहण्यास खुली ठेवावीत.

४) खरोसा येथे माथ्यावरील जलनिस्सारणाचे काम प्राधान्याने घ्यावे आणि बर्जेसच्या नोंदींशी तुलना करून शिल्पांच्या झिजेची नोंदवही तयार करावी.

५) स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील महाविद्यालयांनी राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे श्रमदानापुरती मर्यादित न ठेवता इतिहास, भूगोल, वनस्पतिशास्त्र व रसायनशास्त्र या विभागांच्या संयुक्त नोंदणी प्रकल्पांत रूपांतरित करावीत. दगडावरील वनस्पती, पाण्याचा कस, चुन्याचे घटक व स्थळनामे यांचा अभ्यास एकाच विषयाच्या अभ्यासकास करता येण्याजोगा नाही.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून असे दिसून येते की, माहूरगड व खरोसा यांचे ऐतिहासिक मोल अनेक राजवटींच्या व अनेक श्रद्धांच्या सहअस्तित्वात आहे. त्यांच्या ऱ्हासाचे प्रमुख कारण पाणी व देखभालीचा अभाव हे आहे. गडावरील शिबंदी गेली तेव्हा गडाचा राखणदारही गेला. मंदिराचा राखणदार मात्र टिकला, कारण मंदिराशी लोकांचे नाते तुटले नाही. किल्ल्यास पुन्हा राखणदार मिळवून देणे हे जतनाचे खरे काम होय. संविधानाच्या अनुच्छेद ५१-क मध्ये आपल्या संमिश्र संस्कृतीच्या समृद्ध वारशाचे मोल जाणून तो जतन करणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य सांगितले आहे. या कर्तव्याला प्रशिक्षण, अधिकार व नियमित निधी यांची जोड मिळाली, तर ते आचरणात येऊ शकते.

माहूरगडावर येत्या काळात होणारा खर्च हा त्या दृष्टीने कसोटीचा प्रसंग आहे. आधी मोजणी, मग मांडणी आणि अखेरीस बांधणी हा क्रम पाळला गेला, तर मराठवाड्यातील इतर डोंगरी वास्तूंसाठी एक आदर्श उभा राहील. क्रम उलटा झाला, तर रस्ते व सोयी वाढतील, परंतु ज्या तटाबुरुजांमुळे माहूर एकेकाळी एका प्रांताची राजधानी होते, त्यांची साक्ष पुढच्या पिढीस केवळ तवारिखांच्या पानांतून मिळेल.